एकहाती कादंबरीचं वाटापत्रक

‘एकहाती’ पुरस्कार मिळाला तर पदरात काय काय पडेल, याची यादी जयवंत आळतेकरांनी अर्ज भरण्याआधीच मनाशी करून ठेवली होती. मिरजेच्या नाट्यगृहात सत्कार, तो तर धरलेलाच. पहिल्या रांगेत मेहुणे, प्रोफेसर वसगडेकर. हे गृहस्थ पंचवीस वर्षं प्रत्येक लग्नकार्यात, जिलबीचं ताट हातात धरून, “काय भावोजी, अजून लिहिता?” असं विचारत आले होते. सत्काराला त्यांचे हात रिकामे असतील, म्हणजे टाळ्या वाजवाव्याच लागतील. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातली जुनी मंडळीही येतील. तिथे जयवंतराव एकतीस वर्षं दोन नंबरच्या खुर्चीवर बसले आणि दोन नंबरच्याच खुर्चीवरून निवृत्त झाले. दिवाळी अंकांत त्यांच्या सव्वीस रहस्यकथा छापून आल्या होत्या, पण मुखपृष्ठावरच्या नावांच्या रांगेत त्यांची जागा कायम ‘आणि इतर’मध्ये.

यादीतली शेवटची बाब त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. मूत्रपिंडं थकून पाच वर्षं झाली होती. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, रक्त यंत्रातून गाळून घ्यावं लागे. आपण जाऊ तेव्हा मागे एक जाडजूड पुस्तक उभं असावं आणि त्याच्या पाठीवर एकच नाव असावं, एवढं त्यांना हवं होतं. बाकीचं सगळं जिलबीसारखं, मिळालं तर गोडच.

२०३८ साली नुसती कादंबरी लिहिणं ही काही मिरवायची गोष्ट उरली नव्हती. ‘सोबती’ हा यंत्र-मदतनीस घरोघरी होता. तुम्ही बोलायचं, त्यानं टिपायचं. तुम्ही अडलात की त्यानं चार वाटा सुचवायच्या, आणि खुनी माणूस दुसऱ्या प्रकरणात डावखुरा होता याची आठवण नवव्या प्रकरणात द्यायची. एका वर्षात मराठीत अकरा हजार कादंबऱ्या निघाल्या आणि वाचकांनी हात टेकले. तेव्हा प्रकाशकांनी एकत्र बसून वाटापत्रकाचा नियम केला. बिस्किटाच्या पुड्यावर मैदा किती, साखर किती हे छापतात, तसं शेवटच्या पानावर छापायचं, की या पुस्तकात कोणाचा वाटा किती. ‘एकहाती’ची अट कडक होती. एका माणसाचा वाटा निदान पंच्याहत्तर टक्के आणि सोबतीचा पंधराच्या आत.

वाटा मोजायची रीत मोठी हुशारीची. शब्द मोजून काही कळत नाही. आमटीत कोथिंबीर मूठभर असते. ती वगळली तर फक्त रंग जातो. आमसुलं दोनच असतात. ती वगळली तर आमटीच जाते. सोबती तेच करी. एकेक सूचना बाजूला काढायची, तिच्यावाचून कथा हजारदा नव्यानं घडवून बघायची, आणि ती मूळ कथेपासून किती लांब भरकटते ते मोजायचं. जिच्यावाचून कथा फार भरकटते, त्या सूचनेचा वाटा मोठा. ती कोणी दिली एवढंच मग नोंदायचं.

जयवंतरावांच्या कादंबरीचं नाव ‘परागंदा’. गावातला बडा बागायतदार दादासाहेब एके दिवशी नाहीसा होतो. गाव त्याला मेला समजतं. तो जिवंत आहे हे फक्त त्याच्या धाकट्या बहिणीला, ताराला, माहीत असतं, आणि ती अकरा वर्षं तोंड उघडत नाही. शेवटच्या प्रकरणात दादासाहेब तिच्या दारात येऊन उभा राहतो. तिथवर लिहून झालं होतं. शेवट बाकी होता, आणि अर्जाची मुदत दीड महिन्यावर आली होती. म्हणून एका सकाळी त्यांनी सोबतीला वाटापत्रकाचा कच्चा आकडा विचारला.

पडद्यावर उमटलं: जयवंत आळतेकर ४५. सोबती १२. अनाम व्यक्ती ४३.

शालनताई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी चष्मा वर सरकवला.

“ही अनाम व्यक्ती कोण?”

“मला काय माहीत!”

“त्रेचाळीस टक्के म्हणजे पाहुणी नव्हे हो. चांगलं बिऱ्हाडच केलंय. आणि माझे किती?”

“तुझं नाव नाही यात.”

“ते बरोबर आहे. मला तुम्ही सगळं झाल्यावर वाचून दाखवता आणि मी छान म्हणते. त्याचे टक्के कसले?” त्या बसल्या. “विचारा की त्याला, कोण ते. मलाही ऐकू दे.”

सोबतीनं शांतपणे सांगितलं. “नाव मला माहीत नाही. पण एकोणिसाव्या शतकात खगोलशास्त्रज्ञांना असं दिसलं होतं, की युरेनस ग्रह गणिताप्रमाणे चालत नाही. कुठे थोडा पुढे, कुठे थोडा मागे. कोणीतरी न दिसणारा त्याला ओढतो आहे असं धरून त्यांनी उलटं गणित मांडलं, आणि सांगितल्या जागी दुर्बीण वळवली तर तिथे नेपच्यून होता. तुमचे खर्डे तसेच ओढले जातात. सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी तुम्ही जी कथा सांगता, ती मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी संध्याकाळी बदललेली असते. बदल नेहमी एकाच दिशेचा असतो. माणसं कमी बोलतात, जास्त लपवतात. आणि तारा दर वेळी थोडी अधिक कठोर होते.”

मंगळवार, गुरुवार, शनिवार. शालनताई हसायला लागल्या. “अगं बाई! म्हणजे डायलिसिसच्या खुर्चीवर चाललंय होय हे?”

जयवंतराव हसले नाहीत. त्यांनी चटकन एक खोटं करून पाहिलं. “ती व्यक्ती मीच. सुया टोचलेल्या असताना मला वेगळं सुचतं.”

“तसंच नोंदवतो,” सोबती म्हणाला. “वाटापत्रकाखाली तशी शपथ तुम्हाला सही करून द्यावी लागेल.”

एकतीस वर्षांत पार्सलची एकही खोटी पावती न फाडलेल्या माणसाला हे बोलणं टोचायचं तिथेच टोचलं.

अनाम व्यक्तीचं नाव अनुसया चौगुले. वय अडुसष्ट, राहणार बेडग, खुर्ची जयवंतरावांच्या शेजारची. उभा जन्म तिनं लग्नं जुळवण्यात घालवला होता. दोनशे साठ लग्नं, त्यांतली चार मोडली, आणि त्या चारांतही चूक तिचं न ऐकणाऱ्यांची, असं तिचं म्हणणं. मुलीला बघायला आलेला मुलगा चपला कशा काढतो यावरून ती त्याचं घर ओळखायची. चार तास शेजारी पडून राहायचं, तर जयवंतराव तिला कथा सांगत. त्यांच्या लेखी तो टाइमपास होता. ती मधेच म्हणायची, “अहो पार्सलवाले, असं कोण बोलतंय व्हय? भाऊ बुडाला म्हणून रडणारी भैन येगळी आन् तो जित्ता हाय हे ठावं असून रडणारी येगळी. दुसरी जास्त मोठ्यानं रडंल.” ते ऐकून घेत, घरी येत, आणि आपल्याला सुचलं अशा थाटात सोबतीला सांगत. थाट खोटा नव्हता. घरी पोचेपर्यंत त्यांना खरंच ते आपलंच वाटू लागायचं.

नियम असा होता, की पंधरा टक्क्यांवरच्या माणसानं एकतर सहलेखक म्हणून सही करायची, नाहीतर आपला वाटा लेखकाला सोडला अशा कागदावर. जयवंतरावांनी दुसरा कागद छापून घेतला. पण रिकाम्या हातानं जाणं बरं दिसेना. शालनताईंना न विचारता त्यांनी कपाटातलं एक कोरं इरकली लुगडं काढलं आणि कागदासोबत पिशवीत घातलं. माणूस कथेत कितीही चतुर असो, घरच्या रीतीनं वागताना त्याची बुद्धी हटकून बाहेर थांबते.

गुरुवारी सुया टोचून झाल्या, यंत्रं फिरू लागली. त्यांनी मोकळ्या हातानं पिशवी पुढे केली. अनुसयाबाईंनी लुगड्याचा काठ चिमटीत धरून पाहिला. मग खालचा कागद काढला आणि डोळ्यांपासून लांब धरून शेवटपर्यंत वाचला.

“आमचा बाप, आप्पा, गेला,” त्या म्हणाल्या, “तवा मी चोवीस वर्षांची. महिन्याभरानं तातोबा, माझा भाऊ, मला मिरजेला घेऊन आला. असलंच लुगडं घेतलं. हिरवं. उसाचा रस पाजला. मग कचेरीत नेऊन म्हणला, अक्का, नुसती सही. कागद जमिनीच्या हक्कसोडीचा व्हता. मी विचारलंसुदिक न्हाई. भावाला कोण विचारतंय? घरी येऊन आयेला लुगडं दाखवलं तवा तिनं तोंड फिरवलं, मग मला कळालं काय झालं ते.”

“अनुसयाबाई, हे तसं नाही हो. ही जमीन नव्हे, गोष्ट आहे.”

“मग सोडून घ्यायला कागद कशाला आणलासा?”

जयवंतरावांनी कागद परत घ्यायला मोकळा हात पुढे केला.

“लुगडं आन् कागद एकाच पिशवीतनं आलं की मला वळखू येतंय, पार्सलवाले.” त्यांनी दोन्ही परत पिशवीत घातलं, नीट घडी करून. “एकदा केली सही. दुसऱ्यांदा न्हाई. आता झोपू द्या मला.”

पुढच्या शनिवारी शेजारच्या खुर्चीवर एक तरुण ठेकेदार होता आणि तो चारही तास फोनवर सिमेंट मागवत होता. अनुसयाबाईंनी सोमवार-बुधवार-शुक्रवारची दुपारची पाळी मागून घेतली होती.

जयवंतराव इरेला पेटले. नाही तर नाही. त्यांनी सोबतीला हुकूम सोडला, “अनाम व्यक्तीमुळे झालेला प्रत्येक बदल काढून टाक.” अर्ध्या मिनिटात नवी ‘परागंदा’ तयार झाली. आळतेकर ८७, सोबती १३. एकहाती. त्यांनी ती दोन दिवसांत वाचून काढली. कुठे चूक म्हणून नव्हती. माणसं मनात येईल ते सरळ तोंडानं बोलत होती, रडायच्या जागी रडत होती, आणि तारा भावाच्या नावानं हुंदके देत देवळात दिवा लावत होती. त्यांनी दोन प्रकरणं शालनताईंना वाचून दाखवली.

“छान आहे,” त्या लसूण सोलता सोलता म्हणाल्या. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, “ती मोठ्यानं रडणारी कुठे गेली? मला ती आवडायची.”

त्या संध्याकाळी त्यांनी सोबतीला विचारलं, “ती असती तर काय म्हणाली असती, हे तुला सांगता येईल?”

“येईल. तिच्या ओढीवरून तिचं वजन, दिशा, दोन्ही मला कळली आहेत.”

“मग शेवट सांग. दादासाहेब दारात उभा आहे. मी लिहिणार होतो की तारा त्याला मिठी मारते.”

“ती म्हणेल: तारानं दार उघडावं. दारात आला त्याला पाणी द्यावं. त्यानं पिऊन झालं की विचारावं, कोण आपण? कोणाकडे आलात?”

शेवट सापडला होता. नुसता सापडला नव्हता, अगदी तिच्या तोंडातून आल्यासारखा होता. एका अर्थी ती परत आली होती, लुगडं न घेता आणि सही न करता. पण पडद्याच्या कोपऱ्यातले आकडे हलले होते, कारण एवढ्या मोठ्या वळणाला दुसरा कोणी धनी नव्हता. सोबतीचा वाटा एकोणतीसवर गेला होता.

“हे तुझं कसं? तू तर तिचं बोललास.”

“मी तिचं बोललो असा माझा अंदाज आहे. अंदाजाची जबाबदारी माझ्या नावावर पडते. तिनं स्वतः सांगितलं, तर तिच्या नावावर पडेल.”

जयवंतराव खोलीत येरझाऱ्या घालू लागले. आता तीन पुस्तकं त्यांच्यासमोर होती. एक निर्जीव आणि त्यांचं एकट्याचं. दुसरं जिवंत, पण मोठा वाटा यंत्राचा. तिसऱ्याच्या पाठीवर दोन नावं. पहिल्याला पुरस्कार मिळू शकला असता, हे मान्य करायला हवं. परीक्षकांना त्या वर्षी नव्वद कादंबऱ्या वाचायच्या होत्या. ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

“शालन, मी पुरस्काराचा अर्ज करत नाही.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “आणि माझं इरकली आधी कपाटात ठेवा. केव्हाची बघतेय.”

सोमवारी दुपारी ते दवाखान्यात गेले. आपल्या पाळीला नव्हे, तर भेटायला येणाऱ्यांच्या लोखंडी स्टुलावर बसायला. अनुसयाबाईंनी एक डोळा उघडला.

“आज पिशवी न्हाई व्हय?”

“नाही. कागद आहे. वाचून बघा. दोघांची नावं आहेत.”

त्यांनी वाचलं. स्थळ सांगून आल्यावर कुंडली बघतात तसं, घाई न करता. “आन् ते बक्षीस?”

“सोडलं.”

“का?”

“तुम्हाला काढून बघितलं. पुस्तक उभं राहतं, पण चालत नाही.”

“व्हय, पण मला माझ्या अटी हायत.” त्या उशीवर वर सरकल्या. डोळ्यांत जुनी चमक आली होती. “माझं नाव आधी.”

“वर्णानुक्रमानं... आडनाव...” ते अडखळले. “बरं. आधी.”

“आन् ते चौगुले नको. अनुसया बाळकू माने. बापाचं नाव घालायचं. त्या नावानं शेवटची सही कुठं केली तुम्हाला ठावं हाय. तीच शेवटची ऱ्हायला नको.”

“चालेल.”

“आता सांगा, कुठवर आलंय?”

त्यांनी सांगितलं. दादासाहेब दारात उभा आहे. पुढचं, सोबतीनं सांगितलेलं, त्यांनी जिभेवर येऊ दिलं नाही. अनुसयाबाई म्हणजे डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या अर्धा लिटर पाण्यावर दिवस काढणारं माणूस. शेजारच्या तिपाईवरची छोटी वाटी त्यांनी उचलली, एक घोट घेतला आणि खाली ठेवली.

“दार उघडंल ती,” त्या सावकाश म्हणाल्या. “पाणी दील. पाण्याला न्हाई म्हणू ने कुणाला, ते मला इचारा. त्यो पिऊन झाला की म्हणंल, कोण वं तुम्ही? कुणाकडं आलासा?”

यंत्राचा अंदाज जवळजवळ शब्दाला शब्द खरा ठरला होता, आणि तरी जयवंतरावांना तो लिहून घेववेना. सोबतीनं हे वाक्य उच्चारलं तेव्हा जगात कोणाचंच काही बिघडणार नव्हतं. इथे बिघडणार होतं.

“अनुसयाबाई, तुमचा भाऊ हे वाचेल. बेडगात सगळे वाचतील. नाव बापाचं, भाऊ बागायतदार, बहीण अशी. कोणालाही कळेल. बदलूया का थोडं? शेवटी ती त्याला मागून हाक मारते, असं काहीतरी?”

“तातोबा दर भाऊबीजेला येतोय,” त्या म्हणाल्या. “चव्वेचाळीस वर्षं. ओवाळून घेतोय, ताटात साडी टाकतोय, जेवून जातोय. माझं म्हायेर म्हणजे त्येवढंच, वर्सातलं चार तास.” मग त्यांनी यंत्राकडे हनुवटीनं खूण केली. “हितं बसती त्येवढंच.”

“म्हणूनच म्हणतो, की...”

“हाक बीक काय मारायची न्हाई. लिवा मी सांगितलं तसं. कुठं करायची सही?”

त्यांनी कागद पाटीवर धरला. अनुसयाबाईंनी एकेक अक्षर दाबून लिहिलं. माने लिहून झाल्यावर शेवटी मात्रा ठळक दिली.

‘परागंदा’ दिवाळीच्या आधी आठ दिवस बाहेर पडली. शेवटच्या पानावर वाटापत्रक छापलं होतं: अनुसया बाळकू माने ४७, जयवंत आळतेकर ४२, सोबती ११. ‘एकहाती’ पुरस्कार साताऱ्याच्या एका गृहस्थांना मिळाला. प्रोफेसर वसगडेकरांनी फोन करून विचारलं, “भावोजी, हे दुसरं नाव कोण?” जयवंतरावांनी सांगितलं, “दुसरं माझं आहे. पहिलं आधी वाचा.” हे सांगताना आपल्याला वाईट वाटायला हवं होतं, असं त्यांना वाटलं, पण जागा चाचपून पाहिली तर तिथे काही दुखत नव्हतं.

भाऊबीज शनिवारी आली. त्या आठवड्यापासून अनुसयाबाईंनी पुन्हा आपल्या जुन्या वारांची सकाळची पाळी घेतली होती. भाऊ दुपारी जेवायला येतो, तोवर आपण मोकळ्या, असा त्यांचा दर वर्षीचा बेत. यंत्रं सुटल्यावर त्या घरी गेल्या. मंगळवारी त्या येऊन खुर्चीवर बसल्या. त्यांनी आपणहून सांगितलं.

“न्हाई आला. मी दिलेलं पुस्तक तेवढं पोराकडनं परत धाडलं. वरचं प्लास्टिकसुदिक फाडलेलं न्हाई, म्हणजे कुणीतरी शेवट तोंडी सांगितला आसंल.”

“मी तुम्हाला म्हटलं होतं.”

“आन् मी आयकलं होतं. सही करताना धरूनच चालले होते मी.” त्यांनी हात पुढे केला, सिस्टरनं सुई टोचली, आणि त्यांनी डोळा मिटला नाही. “वाईट वाटतंय. खोटं कशाला बोलू? पुरणाचं चार जणांचं केलं होतं, शेजारी वाटलं. पण चव्वेचाळीस वर्षांत पयल्यांदा त्याला कळालं असंल की मला कळालं होतं.”

जयवंतराव त्या दिवशी घरी आले आणि सवयीप्रमाणे पुस्तकाचं शेवटचं पान उघडून बसले. कोणी किती दिलं ते तिथे टक्क्याला टक्का छापलेलं होतं. त्याची किंमत कोणाला किती पडली, ते मात्र त्यांनी मनातच जुळवलं. सोबतीला काहीच पडली नाही. त्याचं काही जाण्यासारखं नव्हतं. तातोबा मान्यांचं गावात थोडं हसं झालं, चार महिन्यांत विसरतील. जयवंतरावांचं स्वतःचं म्हणावं, तर एक सत्कार, एक शाल आणि पुस्तकाच्या पाठीवरची अर्धी जागा. बाकी सगळं, वर्षातले चार तास धरून, अनुसया बाळकू माने यांनी भरलं होतं.